सातव्या अध्यायातलं दार

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाशी
हनोखकाका तळकरांचं घर.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याइतकी,
तीनदा चुना मारला तरी वर येणारी.
रेघेखाली टेबल. टेबलावर उत्पत्ती,
त्यांची उजवीकडून उघडणारी, माझी डावीकडून,
मधे माझ्या दोन पेन्सिली, तांबडी आणि निळी.

पुण्याच्या सेमिनरीत शिकवलं होतं:
'देव' म्हटलंय तिथे निळी,
'परमेश्वर' म्हटलंय तिथे तांबडी.
निळा पूर दीडशे दिवस, तांबडा चाळीस.
निळ्या तारवात जोडी-जोडी,
तांबड्यात शुद्ध जनावरं सात-सात.
दोन हात, मधे काही शतकं,
आणि तिसऱ्याच कुणीतरी घातलेली शिवण,
बेमालूम नाही, पण मन लावून.

पप्पा पाळक. त्यांना हे सांगितलं
तर म्हणाले, "मग रविवारी कुठल्या रंगाचं वाचू?"
आमच्या घरी नोहाचं पाणी कधी ओसरलंच नाही,
ते पुढच्या पुस्तकात शिरून
थेट बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत जायचं.
मला ते एकदा
त्याच्याच काठांमधे बघायचं होतं.

हनोखकाका पोस्टातले. सॉर्टिंगला चौतीस वर्षं.
"गठ्ठे वेगळे करायला मला शिकवू नकोस.
आमच्या जुन्या लोकांनी हे सगळं पाहिलं होतं,
पेन्सिली नव्हत्या एवढंच.
एकानं विचारलं, नावं दोन का?
दुसरा म्हणाला, न्यायाला बसतो तेव्हा एक,
कळवळतो तेव्हा दुसरं.
तिसरा म्हणाला, छे.
तिघांचंही एकाच पानावर छापलंय,
भांडण न मिटवता."

"पण काका, हे उत्तर झालं, पुरावा नाही."
"आणि तुझं?"
"माझा अंदाज. पण तपासता येईल असा."
ते हसले, बशीत चहा ओतला.
"बरं. तेवढं ते 'जुना करार' म्हणणं सोड.
जुना कशाच्या मानानं?
माझ्याकडे नवा आलाच नाही."

मग सातवा अध्याय, वचन सोळावं.
नर-मादी आत गेले, देवानं सांगितलं तसे. निळं.
मग परमेश्वरानं त्याच्यामागे दार लावलं. तांबडं.
एकाच वचनात, श्वास घेतो तिथे
पेन्सिल बदलावी लागते.
मी बदलली.

काका बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले.
"एकोणीसच्या पुरात होडीतून निघालो
तेव्हा आमचं दार कुणी लावलं?
अबीगाईल म्हणायची, मीच लावलं,
किल्ली तुमच्या हातात दिली.
समोरचा बापू कुंभार म्हणतो,
'न्हाई वो काका, म्या वढलं,
तुमी दोघं कवाच होडीत बसलेला.'
आठ दिवसांनी आलो तर दार लावलेलंच,
पाणी आत जाऊन, राहून, परत गेलेलं.
अबीगाईल पुढच्या मार्चमधे गेली.
बापू अजून तेच सांगतो.
सांग, तांबडं कुणाचं?"

सेमिनरीत याचंही उत्तर होतं:
साक्षीदार कोण, कधी बोलला, कुणासाठी बोलला.
उत्तर चुकीचं नव्हतं.
मी म्हटलं, "दोन्ही लिहून ठेवू या. वेगवेगळं."
"वेगवेगळं नको. एकाखाली एक."
मग थोड्या वेळानं, "पण तुझ्या रेघा खोडू नकोस.
इतकी वर्षं वाचतोय,
ते दार दोघांच्या हातचं आहे, हे दिसलं नव्हतं."

निघताना माझं पुस्तक हातातून निसटलं.
त्यांनी सवयीनं उचललं, ओठांना लावलं,
आणि मग थबकले.
त्यात तो पुढचा भागही होता.

काही बोलले नाहीत.
सदऱ्याच्या टोकानं कव्हर पुसलं
आणि मला दिलं.